रबाळ्याचं बिनपाटीचं गॅरेज आणि आमच्या 2009 च्या पिकअपचा नवा टर्बो

"आधीचा टर्बो मेला कशाने?"

बॉनेट उघडायच्याही आधी नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या या गॅरेजच्या मिस्त्रींनी मला हे विचारलं. त्याआधी ज्या गॅरेजात गेले होते तिथे हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता, आणि त्यापायी माझे 22 हजार रुपये तीन आठवड्यांत पाण्यात गेले. जुन्या डिझेल गाडीला नव्या जातीचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवायचं ज्यांच्या डोक्यात घोळतंय त्यांना माझ्या त्या पैशांचा तरी उपयोग व्हावा, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमची गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, डीआय टर्बो, 2523 सीसी, डिझेलचा पंप मेकॅनिकल. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी डिझेलची फवारणी) नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही, सेन्सर नाहीत, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलरही नाही. बाबांनी नवी घेतली, दहा वर्षं एकट्याने चालवली, आणि त्यांचे गुडघे गेले तशी किल्ली माझ्याकडे आली. रबाळे एमआयडीसीत आमचं रबरी मॅट आणि पॅकिंगचं छोटं युनिट आहे. आठवड्यातून दोन फेऱ्या मी नाशिकला, अंबड-सातपूरला माल टाकते आणि येताना पिंपळगाव बसवंतहून कांदा, टोमॅटो, जे भाडं मिळेल ते घेऊन वाशीच्या एपीएमसीत उतरवते. गाडी जातानाही भरलेली, येतानाही भरलेली. महिन्याला आठ वेळा कसारा घाट चढायचा, तोही हजार-अकराशे किलो मागे घेऊन. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, बोगद्यातून सुसाट जाता येतं हे खरं, पण आठवड्याला दोन फेऱ्यांचा टोल माझ्या भाड्यात बसत नाही. त्यामुळे घाट आहे आणि आम्ही आहोत.

गेल्या दिवाळीनंतर गाडीचा दम कमी व्हायला लागला. आधी तिसऱ्यावर चढायची ते वळण दुसऱ्यावर, मग दुसऱ्यावरही पाय पूर्ण दाबून. मागे काळा धूर असा की आरशात मागची गाडी दिसायची नाही. टर्बोची शिट्टी बारीक होती ती जाड झाली, सायरनसारखी. डिपस्टिक काढली तर ऑइल दर फेरीला बोटभर खाली. बाबा गॅलरीत बसून आवाज ऐकून म्हणाले, "टर्बो गेलाय, आता ओढू नकोस."

ठाण्याच्या बाजूला एका मोठ्या, स्वच्छ गॅरेजात नेली. एसीची वेटिंग रूम, कॉफी, सगळं. तीन तासांत टर्बो बदलून दिला, डब्यातला नवा, वॉरंटी कार्डासकट. गाडी परत पळायला लागली, मी खूश. बाविसाव्या दिवशी पडघ्याच्या पुढे शिट्टी वाढत गेली, मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, आणि मागे निळा धूर. बाजूला घेऊन बंद केली. त्या गॅरेजने टर्बो उघडून पाहिला आणि सांगितलं, ऑइल न मिळाल्यामुळे गेला, वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी कार्डावर तसं छापलेलं होतं, म्हणजे कागदाने ते बरोबर होते. पण टर्बोला ऑइल पोचतंय का हे बघणं बसवणाऱ्याचं काम होतं, माझं नव्हतं. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं आणि गाडी टो करून रबाळ्याला आणली.

रबाळे स्टेशनच्या पूर्वेला, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून एमआयडीसीत आत गेलं की केमिकल कंपन्यांच्या मागच्या गल्लीत हे गॅरेज आहे. पाटी नाही. पत्र्याची शेड, बाहेर दोन जुने टेम्पो, आत एका भिंतीला ओळीने लावलेले पाने आणि कोपऱ्यात वाईस. आमच्या युनिटचा फोर्कलिफ्टवाला तिथे जातो, त्याने नाव सुचवलं. मिस्त्री मूळचे कराडकडचे, साठीच्या आसपासचे. हाताखाली दोन पोरं. बोलतात कमी.

तर त्यांचा तो प्रश्न. मी म्हटलं, "ऑइल मिळालं नाही म्हणे."

"म्हणजे मेला कशाने ते कळलं. ऑइल का मिळालं नाही?"

मला उत्तर येत नव्हतं. त्यांनी अजून तीन-चार प्रश्न विचारले. ऑइल कितव्या किलोमीटरला बदलता? पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून पाण्यातून गाडी घातली होती का? घाट चढून गेल्यावर गाडी कुठे थांबवता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं. घाट संपला की इगतपुरीच्या अलीकडे चहाला थांबते, अगदी दरवेळी. "थांबलं की लगेच चावी फिरवता?" हो. लगेच. वर्षानुवर्षं.

त्यांनी काही न बोलता टर्बोला ऑइल देणारा पाइप काढला. इंजिन ब्लॉकपासून टर्बोच्या डोक्यावर जाणारा, करंगळीपेक्षा बारीक लोखंडी पाइप. बाहेरून धडधाकट. वाईसमध्ये धरून हॅक्सॉ ब्लेडने मधोमध कापला आणि टॉर्च मारून माझ्यापुढे धरला. आत काळ्या, कडक कार्बनचा थर. मधलं भोक इतकं बारीक की शिसपेन्सिलीतलं शिसं जेमतेम जाईल. त्यांनी नखाने खरवडलं तर काचेसारखी कपची निघाली. "हे पहिल्या टर्बोच्या वेळी काढलं असतं, तर दुसरा गेला नसता."

इथे दोन ओळी टर्बोबद्दल लिहिते, कारण हे समजल्यावर माझी गाडी चालवायची पद्धतच बदलली. टर्बो म्हणजे एका दांड्याला दोन पंखे. एका बाजूचा पंखा, म्हणजे टर्बाइन, सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराने फिरतो, दुसऱ्या बाजूचा त्याच फिरण्यावर बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एवढ्या वेगाला बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आणि दांडा एकमेकांना टेकलेले नसतात, त्यांच्यामध्ये ऑइलची पातळ फिल्म असते आणि दांडा त्या ऑइलवर तरंगत असतो. घाट चढून आल्यावर टर्बाइनचं कवच लालबुंद व्हायच्या बेतात तापलेलं असतं. तेव्हा चावी फिरवली की ऑइलचा पंप थांबतो, पण उष्णता तिथेच राहते, आणि पाइपात, बुशमध्ये अडकलेलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं. रोज थोडा थोडा. मी चहा पीत होते तेव्हा पुढे हे चालू असायचं.

दुसरं कारणही त्यांनी शोधलं. जुन्या टर्बोच्या हवेकडच्या पंख्याच्या पात्या पुढच्या कडेला झिजून बोथट झाल्या होत्या, पॉलिश केल्यासारख्या. म्हणजे धूळ आत जातेय. एअर फिल्टर नवा होता, पण फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला क्लिपजवळ केसाएवढी चीर. माजिवडा ते वडपे रस्ता रुंदीकरणाचं काम चालू असताना त्या धुळीतून मी किती वेळा गेले असेन. ती सगळी धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात होती.

मग कुठला टर्बो बसवायचा यावर बोलणं झालं, आणि या गॅरेजला मी पूर्ण मार्क देते ते इथे. 2017 मध्ये बाबांनी एकदा टर्बो बदलला होता, तो बाजारातला, वेस्टगेट नसलेला. मोठ्या गॅरेजने त्याच्याच जोडीचा नवा लावला. वेस्टगेट म्हणजे प्रेशर ठरावीक हद्दीच्या वर गेलं की धुराला पंख्याला बगल देऊन बाहेर सोडणारं झाकण. ते नसलं की टर्बाइनचं हाऊसिंग, म्हणजे कवच, मुद्दाम मोठं घ्यावं लागतं, नाहीतर वरच्या आरपीएमला प्रेशर हाताबाहेर जाईल. आणि हाऊसिंग मोठं असलं की खालच्या आरपीएमला पंखा आळसात फिरतो. भरलेली पिकअप घाटात नेमकी त्या खालच्या आरपीएमलाच असते. म्हणजे जिथे हवा हवी तिथेच नाही, आणि डिझेल मात्र पंप देतोच. तोच काळा धूर.

मिस्त्रींनी सुचवला तो नंतरच्या कॉमन रेल पिकअपच्या जातीचा टर्बो, लहान हाऊसिंगचा, वेस्टगेटचा. माझ्या मुलाने, तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय, व्हीजीटी टर्बो का नको असं विचारलं. त्याला त्यांनी समोर बसवून समजावलं. "त्यात टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या असतात. कधी मिटायच्या, कधी उघडायच्या हे ईसीयू सांगतो. तुमच्या गाडीत सांगणारं कोणी आहे का? नाही. मग त्या पात्या एका जागी अडकणार, काजळी धरणार, आणि सहा महिन्यांनी तुम्ही माझ्याकडे येणार." वेस्टगेटला स्प्रिंग आणि डायफ्राम पुरतो, प्रेशर स्वतःच त्याला ढकलतं. मेकॅनिकल पंपाच्या गाडीला हेच साजेसं. हे ज्ञान इंटरनेटवर मिळतं, मला मान्य आहे, पण विकणारा माणूस महागडी वस्तू नको म्हणतो आणि नको का ते सांगतो, हे मला मोठ्या गॅरेजात मिळालं नव्हतं.

आता काम कसं झालं. नवा टर्बो जुन्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपावर) सरळ बसत नाही, हे ज्यांना करायचंय त्यांनी आधीच डोक्यात ठेवा. आमच्या बाबतीत जोडाच्या तोंडाचे (फ्लँजचे) स्टड, म्हणजे बोल्ट, जुळत नव्हते. त्यांनी 12 मिमीच्या लोखंडी प्लेटचा अडॅप्टर लेथवाल्याकडून करून घेतला, दोन्ही बाजूंनी सपाट करून, कारण एक्झॉस्टची गॅस केसाएवढ्या फटीतूनही निसटते आणि निसटलेली गॅस पंखा फिरवत नाही. अडॅप्टरमुळे टर्बो थोडा वर आला, म्हणून हवेकडचं कव्हर त्याच्या बोल्टवर सैल करून फिरवलं आणि होजच्या तोंडाला आणलं. खालचा फ्रंट पाइप कापून पुन्हा वेल्ड केला. टर्बोला ऑइल देणारा फीड पाइप पूर्ण नवा, बँजो बोल्टसकट (मधल्या भोकातून ऑइल जाणारा बोल्ट). "बँजो बोल्टच्या भोकातही कार्बन असतो, तो धुऊन लावायचा नाही, बदलायचाच," असं म्हणत जुना त्यांनी सरळ भंगारात टाकला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो परतीच्या पाइपावर. टर्बोतून ऑइल खाली चेंबरमध्ये परत जातं ते कुठल्या पंपाने नाही, स्वतःच्या वजनाने. वर जाताना ते पातळ, प्रेशरमध्ये. खाली येताना फेसाळलेलं, सुस्त. म्हणून परतीचा पाइप फीडपेक्षा कितीतरी जाड हवा आणि सगळीकडे उताराचा. टर्बो वर सरकल्यामुळे पाइपला मध्ये एक पोट येत होतं. पोराने क्लिप आवळून झालं म्हटलं. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं, पाइपवर हात फिरवला आणि काढायला लावलं. दोनदा. तिसऱ्यांदा पाइप तिरका कापून लावला तेव्हा कुठे समाधान झालं. या पाइपात ऑइल तुंबलं की ते सीलमधून हवेच्या बाजूला जातं आणि इंजिन ते जाळतं. मग लोक नव्या टर्बोलाच खराब म्हणतात. त्यांनी हेही सांगितलं, आणि हे प्रत्येक डिझेलवाल्याने लक्षात ठेवावं, की टर्बोचं सील पूर्ण फाटलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. निळा धूर दिसल्यावर मी पडघ्याला लगेच थांबले ते बरं झालं.

पहिलं स्टार्टिंग मी समोर उभं राहून पाहिलं. नव्या टर्बोच्या ऑइलच्या भोकात त्यांनी सिरिंजने स्वच्छ ऑइल भरलं आणि बोटाने पंखा हळू फिरवला. मग पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि परतीचा पाइप एका डब्यात सोडून पोराला स्टार्टर मारायला सांगितलं. दहा सेकंद, थांब. दहा सेकंद, थांब. चौथ्या वेळी डब्यात ऑइलची धार पडली. ती धार पडेपर्यंत त्यांनी इंजिन सुरू होऊ दिलं नाही. मोठ्या गॅरेजात टर्बो लावला आणि चावी फिरवली होती, मी काचेतून बघत होते. आज कळतं की त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कोरड्या बुशवर काय झालं असेल.

बाबांना मी रिक्षाने बोलावून घेतलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा ते काठी टेकवून बॉनेटपाशी उभे राहिले, डोळे मिटून. मिस्त्रींनी हळूहळू रेस वाढवली. शिट्टी आली, बारीक, सरळ. बाबांनी मान हलवली आणि मिस्त्रींना हात जोडले. दोघे एकमेकांना पहिल्यांदा भेटत होते.

पॉवर वाढवण्याचा विषय मी काढला. हवा वाढली आहे, तर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलही वाढवू, पॉवर येईल, असं मला दोघांनी सुचवलं होतं. मिस्त्रींनी स्पष्ट नाही म्हटलं. टर्बो फक्त हवा देतो, पॉवर डिझेलमधून येते हे बरोबर. पण इंटरकूलर नसलेल्या गाडीत दाबलेली हवा गरमच आत जाते, त्यावर जास्त डिझेल म्हणजे पिस्टनच्या डोक्याला आग. शिवाय क्लच, गिअरबॉक्स 2009 चे. पंप कंपनीच्या सेटिंगवरच ठेवला, फक्त डिझेल फवारणारे नोझल लॅबला पाठवून तपासून आणले. मलाही ते पटलं, आणखी एका कारणाने. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. आपली गाडी कमर्शियल, दरवर्षी फिटनेसला उभी राहते, अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच शोधते. मी पॉवर वाढवायला गेले नव्हते. गाडीचा हरवलेला दम परत हवा होता. तरी टर्बो बदलल्याचं बिल आणि एक पत्र मी विमा एजंटकडे देऊन पोच घेतली. तुम्हीही घ्या.

आता घाट. मुद्दाम तसाच माल भरला, 1,150 किलो, वजनकाट्याची पावती घेऊन. पहाटे साडेचारला रबाळ्याहून कळवा, खारेगाव, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर. डॅशबोर्डवर एक प्रेशरचं घड्याळ बसवून घेतलंय, मुलाचा हट्ट, आणि आता मला त्याच्याशिवाय चालवता येणार नाही. आधी दम यायला गाडी ओरडावी लागायची, आता जेमतेम पाय दिला की काटा उठतो, 11-12 पीएसआयला जातो आणि तिथे थांबतो. तिथे थांबला म्हणजे वेस्टगेट उघडला. कसाऱ्याच्या पुढे जिथून खरा चढ लागतो तिथे मी सवयीने दुसरा गिअर टाकायला हात नेला. गाडी तिसऱ्यावर 35 ने चढत होती. आरशात पाहिलं. मागच्या ट्रकचे दिवे स्वच्छ दिसत होते, त्याच्या क्लीनरचा चेहरासुद्धा. दोन अवघड वळणांवर दुसरा लागला, बाकी पूर्ण घाट तिसऱ्यावर. आधी त्याच घाटात 20-22 च्या वर वेग गेला की मी देवाचे आभार मानायची.

वर पोचल्यावर चहाच्या टपरीपुढे गाडी उभी केली आणि चावीला हात न लावता दोन मिनिटं आयडलवर ठेवली. टपरीवाला विचारतो, "ताई, बंद नाही करत?" आता त्यालाही माहीत आहे.

चार महिने आणि सुमारे 11,000 किलोमीटर झाले. भरलेल्या गाडीला लिटरला 10 मिळायचे ते साडेअकराच्या आसपास मिळतात. ऑइल पहिल्या 1,000 किलोमीटरला बदललं, मग 15डब्ल्यू40 दर 7,000 ला. डिपस्टिकवरची पातळी हलत नाही. पीयूसीला धुराचं रीडिंग मागच्या वर्षी 58 एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आलं होतं, यंदा 34. आमच्यासारख्या बीएस 4 च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा 65 आहे, त्यामुळे मागच्या वर्षीही ती कागदावर पास होती, पण 58 चा धूर कळव्याच्या नाक्यावर स्कूटरवरच्या बाईच्या तोंडावर जातो हे मी रोज पाहायची. त्याची मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

बिल असं: टर्बो 19,500. अडॅप्टर आणि लेथचं काम 1,800. फीड पाइप, बँजो, वॉशर 1,100. होज आणि क्लिप 1,400. ऑइल, फिल्टर 2,900. मजुरी 4,500. प्रेशरचं घड्याळ 1,600. एकूण 32,800. नोझलचं लॅबवाल्याला वेगळं दिलं. फिल्टरच्या डब्याचं झाकण मी जुन्या बाजारातून आणलं. पाइप कापून दाखवला त्या तपासणीचे त्यांनी पैसे लावले नाहीत.

तक्रारीही सांगते, नाहीतर हे लिहिणं अर्धवट राहील. दोन दिवस म्हणाले होते, पाच दिवस लागले. लेथवाला आला नाही, मग स्टड मिळाले नाहीत. त्या पाच दिवसांत माझी एक फेरी बुडाली आणि एक मला दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घेऊन करावी लागली. उशीर होणार असेल तर फोन करून सांगत नाहीत, आपणच विचारायचं. बिल आधी कच्चं दिलं, जीएसटीचं मागितल्यावर दोन दिवसांनी मिळालं. बसायला जागा नाही, बायकांसाठी टॉयलेट नाही. मी शेजारच्या कंपनीच्या कँटीनमध्ये जायची. ज्या गॅरेजात गिऱ्हाईक म्हणून बायका येतात तिथे याचा विचार व्हायला हवा, मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

आणि एक चूक गंभीर होती. टर्बोवरचं जुनं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) नव्या मापात बसेना म्हणून त्यांनी ते लावलंच नाही, सांगितलंही नाही. दहाव्या दिवशी बॉनेट उघडलं तर शेजारून जाणारा हीटरचा पाणी-होज एका बाजूला मऊ होऊन चिकट झाला होता. मी रबराचा धंदा करते, तापलेलं रबर बोटाला कसं लागतं हे मला कळतं. अजून आठवडाभर गेला असता तर घाटात होज फुटला असता. तशीच गाडी नेली. मिस्त्रींनी होजला हात लावला, पोरांकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "ताई, ही माझी चूक. दाखवायला आणलीत ते बरं केलंत." त्याच संध्याकाळी पत्रा कापून नवं शील्ड केलं, मध्ये हवा खेळायला बोटभर जागा ठेवली, होज बदलून लांबून फिरवला. एक रुपया घेतला नाही. ज्या माणसाने चूक कबूल करताना कारण सांगितलं नाही त्याच्यावर मी पुन्हा विश्वास ठेवू शकते. पण तुम्ही काम करून घेतलंत तर गाडी ताब्यात घेताना शील्ड आहे का ते स्वतः बघा.

कुणी करू नये तेही लिहिते. गाडी शहरातच फिरते, रिकामी किंवा अर्ध्या मालावर, तर हा खटाटोप नको. जुन्याच जातीचा चांगला टर्बो, नवा फीड पाइप आणि स्वच्छ फिल्टर पुरेल. इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) खाली गेलेलं असेल, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) धूर मारत असेल, तर आधी इंजिन. मिस्त्रींनी आमचं कॉम्प्रेशन आधी तपासलं होतं आणि कमी निघालं असतं तर टर्बो लावणार नाही असं सांगितलं होतं. आणि व्हीजीटीच्या नादी लागायचं असेल तर ईसीयूवाली गाडी हवी.

गॅरेज सकाळी नऊला उघडतं, रविवारी बंद. लाइट नसली की वेल्डिंगचं काम होत नाही. गाडी रात्रीच नेऊन लावा, म्हणजे सकाळी इंजिन थंड मिळतं आणि मॅनिफोल्डचे स्टड थंडच सोडवायचे असतात. गल्लीत वळायला जागा कमी आहे, मोठा टेम्पो असेल तर रिव्हर्सने आत घ्या. कापलेला आमचा जुना ऑइल पाइप अजून त्यांच्या भिंतीवर खिळ्याला लटकवलेला आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की तो काढून त्याच्या हातात देतात.